सोरायसिस उचल खातो तेव्हा

मार्गशीर्ष लागला की अहिल्यानगर जिल्ह्यात कोरडी थंडी सुरू होते. पहाटेचा पारा अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो, हवेतील ओलावा नाहीसा होतो, ओठ आणि टाचा फुटू लागतात. बहुतेकांच्या दृष्टीने हा त्रास थोड्याशा खोबरेल तेलाने मिटणारा असतो. ज्या घरात सोरायसिसचा रुग्ण आहे, त्या घरात मात्र हेच दिवस काळजीचे ठरतात. उन्हापावसात फिकट झालेले कोपरांवरचे, गुडघ्यांवरचे, डोक्यातले चट्टे पुन्हा लाल होतात, त्यांवर चांदीसारखे पांढरट पापुद्रे साचतात आणि खाजेपायी रात्रीची झोप उडते. वडीलधारी माणसे म्हणतात, दुखण्याने पुन्हा उचल खाल्ली.

सोरायसिस हा जन्माची सोबत करणारा आजार आहे. तो मुळापासून नाहीसा करणारे औषध आजही उपलब्ध नाही. असे असूनही योग्य उपचारांनी बहुतेक रुग्णांची त्वचा दीर्घकाळ स्वच्छ राहू शकते, दुकान चालवता येते, संसार करता येतो, तपश्चर्याही करता येते. रुग्णाचे खरे नुकसान बहुधा उचल खाल्लेल्या त्या चार-सहा आठवड्यांत होते, आणि तेही पुष्कळदा आजारापेक्षा घाईघाईने केलेल्या उपायांमुळे. म्हणून या काळात काय करावे आणि काय कटाक्षाने टाळावे, हे घरातील प्रत्येकाने समजून घेणे हिताचे आहे.

आजाराचे स्वरूप

निरोगी त्वचेच्या वरच्या थरातील पेशी तळाशी जन्म घेतात, हळूहळू वर सरकतात आणि सुमारे महिनाभराने नकळत झडून जातात. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. जुन्या पेशी झडण्यापूर्वीच नव्या येऊन थडकतात आणि पापुद्र्यांचे थर साचतात. जंतूंशी लढण्यासाठी असलेली शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच त्वचेत दाह निर्माण करू लागते, हे यामागचे कारण होय. रक्त ‘अशुद्ध’ झाल्यामुळे किंवा अस्वच्छतेमुळे हा आजार होतो, या समजुतीला आधार नाही.

भारतात प्रौढांपैकी शंभरात साधारण अर्धा ते तीन जणांना सोरायसिस असावा, असे निरनिराळ्या पाहण्यांमधून दिसते. अनेकांना तो ऐन कर्तेपणाच्या वयात, म्हणजे विशी ते चाळिशीच्या दरम्यान प्रथम दिसतो. आनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे. तथापि आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असला, तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ठराव करून सोरायसिस हा दीर्घकालीन, असंसर्गजन्य आणि वेदनादायक आजार असल्याचे मान्य केले आणि रुग्णांना मिळणारी अपमानास्पद वागणूक थांबवण्याचे आवाहन सदस्यराष्ट्रांना केले. दरवर्षी २९ ऑक्टोबर हा जागतिक सोरायसिस दिन म्हणून पाळला जातो.

असंसर्गजन्य हा शब्द सर्वांनी नीट लक्षात घेतला पाहिजे. हा आजार स्पर्शाने, टॉवेलाने, ताटवाटीने, नोटांनी किंवा एका गादीवर बसल्याने पसरत नाही. तरीही गल्ल्यावर बसलेल्या माणसाच्या हातावरचे चट्टे पाहून गिऱ्हाईक सुटे पैसे घेताना हात आखडते, हा अनुभव कापड बाजारापासून मार्केट यार्डापर्यंत कोठेही येऊ शकतो.

या भीतीला जुना इतिहास आहे. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत ‘कुष्ठ’ ही संज्ञा अनेक त्वचारोगांना मिळून वापरली आहे. आजचा सोरायसिस त्यांतील एककुष्ठ, किटिभ यांच्याशी जुळतो असे वैद्य मानतात. पुढे लोकभाषेत कुष्ठ म्हणजे महारोग एवढाच अर्थ उरला आणि सगळ्याच चट्ट्यांवर तो शिक्का बसला. युरोपातही वेगळे घडले नाही. सोरायसिस आणि महारोग हे दोन भिन्न आजार आहेत, हे व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ मध्ये स्पष्टपणे मांडले; तोवर अनेक सोरायसिस रुग्णांना महारोगी समजून समाजाबाहेर ठेवले गेले होते. आज तर महारोगही गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. तेव्हा दोन्ही आजारांच्या बाबतीत तिरस्काराला जागा उरलेली नाही.

उचल खाण्याची कारणे

आजार कधी आणि कशाने उसळेल, हे प्रत्येक रुग्णागणिक वेगळे असते. काही कारणे मात्र वारंवार आढळतात.

पहिले कारण कोरडी थंडी. तीत भर पडते ती बंबातल्या कढत पाण्याच्या स्नानाची, अंगावर घासलेल्या कडक साबणाची आणि पापुद्रे निघावेत म्हणून फिरवलेल्या वज्रीची. दिवाळीच्या पहाटेचे तेल त्वचेला हितकारक असते. त्यानंतर खसखसून चोळलेले उटणे मात्र चट्ट्यांना सोसत नाही.

दुसरे कारण त्वचेला झालेली इजा. जेथे खरचटते, कापते, भाजते किंवा सतत घासले जाते, तेथे साधारण दहा ते वीस दिवसांनी नवा चट्टा उमटू शकतो. जर्मन वैद्य हाइनरिख कोबनर यांनी एकोणिसाव्या शतकात हे प्रथम नोंदवले. व्यापाराच्या दैनंदिन कामात अशा इजा अगणित असतात. खांद्यावरची पोती, कंबरेला करकचून बांधलेला पट्टा, दाढी करताना झालेली जखम, गोणपाटाने घासलेली मनगटे ही त्यांची उदाहरणे. धान्याची धूळ किंवा मिरचीपूड यांमुळे सोरायसिस होत नाही. परंतु त्यांनी खाज सुटते, खाजवल्याने त्वचा ओरखडते आणि पुढचे आपोआप घडते. खाजवण्याऐवजी थंड ओले फडके ठेवणे, नखे बारीक कापणे आणि पूर्ण बाह्यांचा मऊ सुती सदरा वापरणे, एवढ्या साध्या गोष्टींनी बराच फरक पडतो.

तिसरे कारण घशाचा जंतुसंसर्ग. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये घसा दुखून ताप येऊन गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर पाण्याच्या थेंबांएवढे लालसर ठिपके उठतात. हा सोरायसिसचाच एक प्रकार होय. अशा वेळी गोवर किंवा उष्णता समजून घरगुती काढे देत बसू नये.

चौथे कारण इतर औषधे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर वर्गातील काही गोळ्या, मनोविकारावरील लिथियम आणि मलेरियावरील क्लोरोक्विन यांनी काही रुग्णांचा आजार वाढतो. म्हणून त्या गोळ्या परस्पर बंद करावयाच्या नाहीत. मात्र त्वचेच्या डॉक्टरांना त्या दाखवणे आणि हृदयाच्या डॉक्टरांना सोरायसिसची कल्पना देणे आवश्यक आहे.

पाचवे कारण मानसिक ताण. मार्चअखेरचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, थकलेली उधारी, भागीदारीतील वाद, लग्नसराईतील जागरणे यांचा परिणाम त्वचेवर दिसतो, आणि चट्टे दिसू लागले की ताण आणखी वाढतो. धूम्रपान, मद्य आणि वाढलेले वजन यांचाही आजाराशी संबंध सिद्ध झालेला आहे.

आपल्या बाबतीत यांपैकी कोणते कारण लागू पडते, हे ओळखण्यासाठी एक छोटी वही पुरेशी आहे. चट्टे कधी वाढले, त्याआधीच्या तीन आठवड्यांत काय घडले, कोणते औषध सुरू किंवा बंद झाले, किती मलम वापरले, एवढे तारखेनिशी लिहावे. दरमहा त्याच जागेचे, त्याच प्रकाशात एक छायाचित्र घ्यावे. रोजमेळ लिहिण्याची सवय असलेल्या कुटुंबांना हे अवघड नाही. वर्षभराच्या अशा नोंदी पाहून डॉक्टरांना जे कळते, ते दहा मिनिटांच्या तपासणीत कळू शकत नाही.

घाईचा उपाय आणि त्याची किंमत

कल्पना करावी की एका व्यापाऱ्याच्या मुलीचे लग्न पंधरा दिवसांवर आले आहे आणि नेमके तेव्हाच त्याचे चट्टे वाढले आहेत. पाहुण्यांसमोर ते दिसू नयेत म्हणून तो कोणाच्या तरी सांगण्यावरून एक इंजेक्शन घेतो, किंवा ‘खात्रीचे देशी औषध’ म्हणून मिळालेली बिनलेबलाची पावडर सुरू करतो. चार दिवसांत त्वचा स्वच्छ होते. लग्न थाटात पार पडते, औषध थांबते, आणि महिन्याच्या आत आजार पूर्वीपेक्षा दुप्पट जोमाने परततो. कधी अंगभर पूसारखे फोड उठतात, कधी डोक्यापासून पायांपर्यंत सारी त्वचा लाल होते.

अशा झटपट गुणामागे बहुधा स्टिरॉईड असते. तोंडावाटे किंवा सुईवाटे दिलेले स्टिरॉईड अचानक थांबवणे, हे सोरायसिस भयंकर स्वरूपात उसळण्याचे एक सुपरिचित कारण आहे. गुप्त औषधात ते मिसळलेले असेल, तर रुग्णाला आपण काय घेत आहोत याचीच कल्पना नसते. दोन-चार दिवसांत चमत्कारिक गुण, काही आठवड्यांत गोल होत जाणारा चेहरा, वाढणारे वजन, चढणारी साखर आणि औषध थांबवताच उसळी, ही लक्षणे दिसल्यास सावध व्हावे. मात्र अनेक महिने असे औषध घेतले असेल, तर तेही एका दिवसात न थांबवता डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते.

मलमांच्या बाबतीतही हीच बेफिकिरी आढळते. पावसाळ्यात जांघेत नायटा होतो, घरातील दुसऱ्या कोणाला सोरायसिस असतो, आणि दोघांसाठी औषधाच्या दुकानातून एकच नळी आणली जाते. तिच्यात तीव्र स्टिरॉईड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक असे तिन्ही एकत्र असते. त्यामुळे नायटा दबतो, पण आतून पसरतो. सोरायसिस तात्पुरता निवळतो, पण दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, तिच्यावर रेघा पडतात. स्टिरॉईड मलमांचा हा गैरवापर रोखावा म्हणून देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने मोहीम चालवली, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉईड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल एचमध्ये घातली. अनेक जैन कुटुंबांचा औषधविक्रीचा व्यवसाय आहे. चिठ्ठी मागणे हा गिऱ्हाइकाचा अपमान नसून त्याच्या त्वचेचे रक्षण आहे, हे त्यांनी काउंटरवरच्या मुलालाही शिकवावे.

चट्टे वाढल्यावर काय करावे

स्टिरॉईड मलम हे शत्रू नव्हे. योग्य जागी, योग्य मात्रेत आणि ठरावीक मुदतीत वापरल्यास उचल आटोक्यात आणणारे ते प्रमुख औषध आहे. क्लोबेटासॉलसारखे अतितीव्र मलम सामान्यतः सलग दोन आठवड्यांहून अधिक आणि आठवड्याला ५० ग्रॅमहून अधिक वापरू नये, असा दंडक आहे. चेहरा, काख आणि जांघ येथे ते डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज लावू नये. मात्रेचे मापही सोपे आहे. नळीतून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. प्रौढ माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. रुग्णाचा एक तळहात म्हणजे शरीराच्या त्वचेचा सुमारे शंभरावा भाग. चट्टे दहा तळहातांहून अधिक जागा व्यापू लागले, तर केवळ मलमावर विसंबून न राहता लवकर तज्ज्ञांकडे जावे.

मलमाच्या जोडीला त्वचेतील ओलावा टिकवणे हा उपचाराचा पाया आहे. कोमट पाण्याने, सौम्य साबणाने थोडक्यात स्नान करावे, अंग टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन किंवा खोबरेल तेल लावावे. दिवसातून दोन-तीनदा ते पुन्हा लावावे. जाड पापुद्र्यांवर सॅलिसिलिक आम्ल असलेले मलम, डोक्यासाठी कोल-टार असलेला शाम्पू, आणि दीर्घ वापरासाठी ड जीवनसत्त्वापासून बनवलेले कॅल्सिपोट्रिऑल यांचा उपयोग डॉक्टर करतात. चट्टे निवळले तरी तेल-जेलीचा नेम सोडू नये. बहुतेकांचा नेम तेथेच सुटतो आणि पुढच्या उचलीची तयारी होते.

सूर्यप्रकाशाने अनेकांना गुण येतो. बावचीच्या बियांचा त्वचारोगांवरील उपयोग आपल्याकडे फार जुना. बावचीत असणाऱ्या सोरॅलेन वर्गातील द्रव्यांना विशिष्ट अतिनील किरणांची जोड देऊन १९७४ मध्ये अमेरिकेत सोरायसिसवर आधुनिक उपचारपद्धती सिद्ध झाली. आज त्याहून सुरक्षित असा ३११ नॅनोमीटरच्या किरणांचा उपचार आठवड्यातून दोन-तीन वेळा दिला जातो. मात्र घरी बावचीचे तेल चोळून दुपारच्या उन्हात बसणे धोक्याचे आहे. त्वचा भाजते, फोड येतात, आणि भाजलेल्या जागीच नवे चट्टे उठतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटे बसणे पुरेसे आहे.

काही लक्षणे मात्र वाट पाहण्याची नव्हेत. जवळजवळ सारे अंग लाल होणे, हुडहुडी भरणे, ताप, पायांवर सूज, किंवा अंगावर पूसारख्या फोडांचे थर येणे यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा अवस्थेत शरीरातील उष्णता आणि पाणी झपाट्याने निघून जाते, आणि वृद्धांच्या बाबतीत ते जिवावर बेतू शकते. जिल्ह्यात लोणी येथे आणि नगरजवळ विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. अशा रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो.

आठवड्यातून एकदाच

आजार व्यापक असल्यास पोटातून औषधे द्यावी लागतात. त्यांतील सर्वांत जुने आणि परवडणारे औषध म्हणजे मेथोट्रेक्झेट. मूळचे भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात ते तयार झाले, ही भारतीयांना अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे.

या औषधाचा एक नियम घरातील प्रत्येकाला पाठ असावा. सोरायसिससाठी मेथोट्रेक्झेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. इतर बहुतेक गोळ्या रोजच्या असल्याने चुकून हीही रोज घेतली जाते, आणि तेवढ्याने तोंडात व्रण पडणे, रक्तातील पेशी घटणे आणि मृत्यू ओढवणे इथवर मजल जाऊ शकते. चिठ्ठीवर ‘दर बुधवारी’ असा वार डॉक्टरांकडून लिहून घ्यावा, तोच वार खोक्यावर ठळक लिहावा आणि एका वेळी महिनाभराच्याच गोळ्या घरात ठेवाव्यात. सोबत दिलेले फोलिक आम्ल सांगितलेल्या दिवशी घ्यावे. रक्त, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या ठरलेल्या वेळी कराव्यात. इतर कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास आपण हे औषध घेतो हे आधी सांगावे. काही वेदनाशामके आणि सल्फा वर्गातील प्रतिजैविके त्याच्यासोबत घातक ठरतात. अपत्याचा विचार असलेल्या दांपत्याने औषध सुरू होण्यापूर्वीच तसे सांगितले पाहिजे.

अलीकडे थेट दाहाच्या मुळावर काम करणारी जैविक इंजेक्शनेही आली आहेत. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने क्यूबातील संशोधन केंद्राच्या सहकार्याने विकसित केलेले इटोलिझुमॅब २०१३ मध्ये भारतात बाजारात आले. ही औषधे महाग असतात आणि ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते.

तपश्चर्या, चौविहार आणि औषध

पर्युषणात अठाई, ओळीत आयंबिल, कोणाचे वर्षीतप, कोणाचा कायमचा चौविहार, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. सोरायसिसमुळे व्रते सोडावीत असे नाही. वजन जास्त असलेल्या रुग्णाने आहार नियंत्रित करून ते घटवल्यास चट्टे कमी होतात, असे अभ्यासांतून दिसले आहे. धोका आहे तो डॉक्टरांना न सांगता औषधाच्या वेळा बदलण्यात.

मेथोट्रेक्झेट आणि सायक्लोस्पोरिन या औषधांच्या काळात मूत्रपिंडाला पुरेसे पाणी मिळणे आवश्यक असते. पाण्याविना केलेला उपवास, विशेषतः लागोपाठचा, अशा रुग्णाला अपायकारक ठरू शकतो. तिविहारात दिवसा उकळलेले पाणी घेता येते, त्याचा विचार व्हावा. चौविहार पाळणाऱ्याने रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी चालेल काय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. बहुतेक वेळा मार्ग निघतो. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राणिजन्य जिलेटिनचे असते आणि काही मलमांत मेंढीच्या लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन असते. त्यावर आक्षेप असल्यास औषध गुपचूप टाकून देण्याऐवजी पर्याय मागावा. पच्चक्खाणाच्या पाठातच समाधी टिकावी म्हणून आगार ठेवलेले आहेत. शंका असल्यास साधू-साध्वीजींना विचारावे, परंतु मोठी तपश्चर्या सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांनाही विचारावे.

पथ्याबाबत घरोघरी मोठ्या याद्या असतात. वांगे, दही, आंबट, दूध यांपैकी अमुक पदार्थ सर्वच रुग्णांना बाधतो असे सिद्ध झालेले नाही. रुग्णाच्या ताटातून एकेक पदार्थ काढून टाकण्यापेक्षा तूप-साखरेचे प्रमाण आणि गादीवरचे दिवसभराचे बैठे काम यांकडे लक्ष देणे अधिक उपयुक्त आहे. कारण सोरायसिसच्या दाहाची झळ त्वचेपुरती राहत नाही. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार या रुग्णांत अधिक आढळतात. काही रुग्णांचे सांधेही धरतात. सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा ताठरपणा, टाचेतील दुखणे, एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सुजणे आणि नखांवर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे खड्डे पडणे, ही त्याची सूचना होय. वेळीच उपचार न झाल्यास सांधे कायमचे वाकतात.

घर, सोयरीक आणि विमा

आजार लपवण्याची धडपड सर्वांत तीव्र होते ती मुला-मुलींच्या सोयरिकीच्या वेळी. लपवण्यासाठीच घाईचे उपाय केले जातात आणि त्यांची किंमत नवविवाहित जोडप्याला मोजावी लागते. बोलणी पुढे जाण्यापूर्वी स्पष्टपणे सांगावे की सोरायसिस आहे, तो संसर्गजन्य नाही, उपचार चालू आहेत. शक्य तर दोन्हीकडच्या मंडळींनी डॉक्टरांना एकत्र भेटावे. हे ऐकून मागे फिरणारे घर, लग्नानंतर कळले असते तर त्या मुलीला किंवा मुलाला किती सुखाने नांदवू शकले असते, याचा विचार आई-वडिलांनी करावा.

घरातही टॉवेल वेगळा, भांडी वेगळी, बाळाला घ्यायला मनाई, असे प्रकार बंद झाले पाहिजेत. या रुग्णांत नैराश्याचे प्रमाण अधिक असते. माणूस दुकानात यायचे टाळतो, लग्नकार्याला जात नाही, पूर्ण बाह्यांआड मिटून राहतो, तेव्हा त्याच्याशी बोलले पाहिजे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक अशा वेळी उपयोगी पडतो.

आरोग्यविम्याच्या प्रस्तावात सोरायसिसची नोंद न करण्याचा मोह अनेकांना होतो. तो महागात पडतो. आजार लपवल्याचे उघड झाल्यास ऐन वेळी दावा नाकारला जाऊ शकतो. विमा नियामक प्राधिकरणाने आधीपासूनच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ एप्रिल २०२४ पासून ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आणला आहे. खरे सांगून तीन वर्षे थांबणे, खोटे सांगून आयुष्यभर धास्तीत राहण्यापेक्षा स्वस्त पडते. बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च पुष्कळ पॉलिसींत मिळत नाही, म्हणून मलमे, तपासण्या आणि प्रवास यांसाठी वर्षाच्या आरंभीच वेगळी तरतूद ठेवावी. औषध परवडत नाही म्हणून मध्येच सोडण्याची वेळ आली, तर डॉक्टरांना तसे सांगावे; कमी किमतीचे जेनेरिक पर्याय पुष्कळदा मिळतात.

सोरायसिसचे खाते कायमचे बंद होत नाही, पण ते नीट सांभाळता येते. येत्या थंडीपूर्वी प्रत्येक रुग्णाच्या घरी चार गोष्टी तयार असाव्यात: नोंदींची वही, तेल-जेलीचा नेम, त्वचारोगतज्ज्ञांची ठरलेली भेट आणि औषधाच्या खोक्यावर ठळक लिहिलेला वार. पाचवी गोष्ट घरच्यांनी द्यावयाची आहे. चट्टे असलेला तो हात त्यांनी निःसंकोचपणे हाती घ्यावा.